पार्श्वभूमी: कादंबरी आधी की चित्र?

1836 च्या मार्चअखेर चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक’ या इंग्रजी कादंबरीचा पहिला मासिक भाग निघाला, तेव्हा ठराव होता चार चित्रे आणि दीड फर्मा, म्हणजे 24 पाने, मजकूर असा. मूळ कल्पना चित्रकार रॉबर्ट सीमोरची. प्रकाशक शोधत होता तो चित्रांना मजकूर पुरवणारा तरुण. त्या तरुणाने, डिकन्सने, विषयच आपल्या हाती घेतला. दुसऱ्या भागाचे काम चालू असताना चित्रकाराने आत्महत्या केली. तिसऱ्या भागापासून दोन चित्रे आणि दोन फर्मे, म्हणजे 32 पाने, असे प्रमाण ठरले. किंमत तीच, एक शिलिंग. पुढे चित्रकाराच्या विधवेने श्रेय मागितले. त्याने पुस्तकातला एक शब्दही सुचवला नाही, असे लेखकाने 1867 च्या प्रस्तावनेत बजावले. शब्दांपुरते ते मान्य करू. लठ्ठ पिकविकचे रूप कोणी सुचवले यावर वाद आहे, पण ते कागदावर उतरले चित्रकाराच्याच हातून. एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

त्यानंतर चित्रकार बहुधा मजकुराच्या मागे राहिला, तरी वेळेच्या ओढीत पुढेच धावला. भाग महिनाअखेरीस दुकानात जायचा. प्रकरण लिहून व्हायच्या आत लेखकाच्या पत्रातल्या वर्णनावरून चित्र सुरू करावे लागे.

मराठीत ‘कोरीव चित्र’ म्हटले की इथे मोठा घोटाळा होतो. मासिक भागांतली बहुतेक चित्रे एचिंगची, म्हणजे रेघ आम्लाने खोदलेली. पोलादी पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने रेघ ओढून धातू उघडा करायचा, पत्रा आम्लात ठेवायचा. फिक्या हव्या त्या रेघा वार्निशने झाकून उरलेल्या पुन्हा आम्लात. वेळ कमी पडला तर रेघ शाई धरत नाही. जास्त झाला तर शेजारच्या रेघा मिसळून काळा डाग पडतो. छाप उलटी उमटते, म्हणून पत्र्यावर चित्र उलटे काढावे लागते. विसरले की पात्र डावखुरे होते. खप वाढला की एक पत्रा पुरत नसे, दुसरा तयार करावा लागे. एकाच चित्राच्या दोन प्रतींत फरक दिसतो तो यामुळे.

लाकडी ठशात तिसरा माणूस येतो. चित्रकार बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर रेखाटतो. खोदणारा पांढरा भाग काढून काळी रेघ उभी ठेवतो. ठोकळ्याची उंची छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांइतकीच असल्याने चित्र मजकुराबरोबर, परिच्छेदाच्या मधोमध छापता येते. पण खोदताना मूळ रेखाटन नष्ट होते, आणि रेघ बिघडली तर दोष कोणाचा हे ठरवणे अवघड. 1860 च्या दशकात ठोकळ्यावर चित्राचा फोटो उतरवू लागले, तेव्हा मूळ चित्र शाबूत राहू लागले.

चित्रकार जॉन टेनियलचे वजन लुइस कॅरलच्या मुलांसाठीच्या ‘अ‍ॅलिस’च्या वेळी दिसले. 1865 ची 2,000 प्रतींची छपाई त्याला पसंत पडली नाही; लेखकाने ती मागे घेऊन स्वखर्चाने पुस्तक पुन्हा छापून घेतले. छपाई खरेच इतकी वाईट होती का, यावर अजून मतभेद आहेत. पुढच्या पुस्तकाच्या वेळी, 1870 मध्ये, केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचे चित्र कसे काढावे हे सुचत नाही, असे त्याने कळवले. लेखकाने तो भागच गाळला. त्या भागाची गॅली प्रुफे, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापील प्रती, 1974 मध्ये लिलावात आली.