मेशमधले वाईट सेल नेमके कुठे आहेत?

विमानाच्या पंखावरून जाणारी हवा असो की पाइपमधलं पाणी, प्रवाहाची नेव्हिए-स्टोक्स समीकरणं कागदावर पूर्णपणे सुटतात ती मोजक्या सोप्या प्रसंगांतच. एरवी सगळ्या जागेचे लाखो बारीक तुकडे पाडावे लागतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक सेल आणि सगळ्या सेलची मिळून मेश. एका सेलमधून जे बाहेर पडलं ते शेजारच्या सेलमध्ये जमा झालंच पाहिजे, हा हिशेब सॉल्व्हर, म्हणजे ही समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, सतत ठेवत असतो.

हा हिशेब सेलच्या आकारापाशी अडतो. दोन शेजारी सेलच्या मध्यबिंदूंना जोडणारी रेषा मधल्या भिंतीला काटकोनात छेदत असेल, तर काम सोपं: दोन्हीकडच्या दाबांतला फरक अंतराने भागला की भिंतीपाशी दाब किती वेगाने बदलतो ते कळतं. रेषा तिरकी असेल तर हे उत्तर भलत्या दिशेचं निघतं, मग त्यात दुरुस्ती मिळवावी लागते. ती बहुधा आधीच्या फेरीतल्या आकड्यांवरून काढलेली असते. कल वाढला की दुरुस्तीच मूळ आकड्यापेक्षा भारी होते आणि गणित डळमळू लागतं. ओपनफोम या प्रवाह सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली मेश तपासणारी चेकमेश आज्ञा काटकोनापासून ७० अंशांहून जास्त कल असलेल्या भिंती वेगळ्या मोजून दाखवते, ती याचसाठी.

अशा वेळी बरेच जण सगळी मेशच बारीक करतात. मला हा उपाय मुळीच पटत नाही. प्रत्येक दिशेने सेल निम्मा केला की सेल आठपट होतात. वेळेनुसार बदलणारा प्रवाह असेल तर टाइम स्टेपही (गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो) साधारण निम्मी करावी लागते, म्हणजे काम सोळापट. आणि तिरक्या सेलचे समान तुकडे केले तरी तिरपेपणा तसाच राहतो!

त्याऐवजी वाईट सेल तेवढे निवडून पडद्यावर बघावेत. ते सगळीकडे विखुरलेले क्वचितच असतात. बहुतेकदा दोनतीन जागी गोळा झालेले सापडतात आणि खरं दुखणं मेशमध्ये नसून मूळ कॅड मॉडेलमध्ये, म्हणजे वस्तूच्या संगणकावर काढलेल्या आकारात, असतं: केसाएवढी फट, चिंचोळा पृष्ठभाग, एकमेकांत किंचित घुसलेले दोन भाग. गाडीचं चाकच घ्या. गोल टायर सपाट रस्त्याला टेकतो तिथे दोघांमधला कोन कमी होत होत शून्यावर येतो. त्या पाचरीत कुठलाही मेशर (मेश पाडणारा प्रोग्रॅम) चांगला सेल बसवू शकत नाही. म्हणून टायरखाली छोटासा ठोकळा घालून ती पाचर बुजवतात. भूमितीत इवलासा बदल होतो, पण चपटलेल्या सेलची अख्खी रांग नाहीशी होते.

पंख किंवा पाइपच्या खऱ्याखुऱ्या भिंतीलगत मात्र निकष वेगळे. तिथे वेग भिंतीपासून दूर जाताना झपाट्याने बदलतो आणि भिंतीला समांतर दिशेने जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे लांबट, पातळ सेल तिथे चालतात, किंबहुना तेच हवेत. फक्त भिंतीपासून दूर जाताना या सेलच्या थरांची जाडी हळूहळू वाढावी. १.२ पट हे प्रमाण सर्रास वापरतात. त्याने विसावा थर पहिल्याच्या सुमारे ३२ पट जाड होतो. शेवटच्या थराला लागून एकदम मोठा सेल आला तर त्या सांध्यावर चूक साठते. अरुंद कोपऱ्यात थर एकमेकांवर चढत असतील तर तिथे ते कमी करावेत.

सॉल्व्हरमध्येही सोयी आहेत. तिरपेपणाच्या दुरुस्तीच्या फेऱ्या वाढवता येतात, दुरुस्तीवर मर्यादा घालता येते, गणित सुरुवातीला फर्स्ट-ऑर्डर अपविंडवर, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलचाच आकडा घेणाऱ्या ढोबळ पद्धतीवर, चालवता येतं. पण अपविंडमुळे प्रवाहातले भोवरे आणि तीव्र बदल पुसट होतात, जणू द्रव आहे त्याहून चिकट आहे. रेसिड्यूअल (समीकरणांत उरलेली तफावत) छान उतरतात आणि ड्रॅग (प्रवाहाचा वस्तूला होणारा विरोध) चुकीचा येतो. फर्स्ट-ऑर्डरवर थांबलेलं उत्तर अहवालात जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मेश दुरुस्त केल्यावर तीन वेगवेगळ्या बारकाईच्या मेशवर तोच प्रवाह सोडवतात. पॅट्रिक रोच यांनी १९९४ मध्ये मांडलेला ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स या तीन उत्तरांवरून मेशमुळे येणाऱ्या अनिश्चिततेचा अंदाज देतो. उत्तरं क्रमाने एका आकड्याकडे सरकण्याऐवजी मागेपुढे होत असतील, तर त्या इंडेक्सवर विसंबता येत नाही. मेश पुन्हा उघडून वाईट सेल शोधावे लागतात.