सेला

सेला हा बायबलच्या जुन्या करारातला हिब्रू शब्द, अक्षरं सामेख-लामेद-हे. एकूण ७४ वेळा येतो, त्यातले ७१ वेळा स्तोत्रसंहिता या भक्तिगीतांच्या पुस्तकातल्या ३९ स्तोत्रांत आणि ३ वेळा हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, जो स्वतःच एक स्तोत्र आहे आणि ज्याच्या शेवटी मुख्य गवयासाठी तंतुवाद्यांची सूचना आहे. स्तोत्रसंहितेतही वाटणी एकसारखी नाही, तिच्या पाच भागांपैकी पहिल्या तीन भागांत ६७ वेळा, चौथ्यात (स्तोत्र ९० ते १०६) एकदाही नाही आणि पाचव्यात फक्त १४० आणि १४३ या दोन स्तोत्रांत.

व्युत्पत्तीवर जुना वाद आहे. बरेच अभ्यासक स-ल-ल म्हणजे उंच करणं, वर उचलणं या धातूकडे जातात, पण नेमकं काय उचलायचं, आवाज की वाद्यांचा गजर, यावर एकमत नाही. मध्ययुगातले यहुदी भाष्यकार दावीद किम्ही आवाजाच्या बाजूचे, तर त्यांच्या आधीचे इब्न एज्रा 'खरंच असंच आहे' असा अर्थ घेतात. सेप्टुअजिंट या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात (स्तोत्रांचं भाषांतर बहुधा इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासचं) डायाप्साल्मा हा शब्द ठेवलाय, तो साधारण गाण्यामधला खंड असा समजतात, पण तोही फारसा स्पष्ट नाही आणि स्तोत्र २ मध्ये तर आज छापल्या जाणाऱ्या हिब्रूत सेला नसताना ग्रीकमध्ये तो आहे. उलट ग्रीक भाषांतरकार अक्विला, लॅटिन भाषांतरकार जेरोम आणि तार्गुम हे अरामी भाषांतर 'सदैव, सर्वकाळ' असा अर्थ देतात, ताल्मुद हा यहुदी धर्मग्रंथही (एरुविन ५४अ) तेच म्हणतो. मात्र स्तोत्र ६८ मध्ये देव रानातून चालला, सेला, तेव्हा भूमी कापली, असं वाक्य मधेच तुटतं आणि तिथे 'सर्वकाळ' बसतच नाही, शिवाय ३९ पैकी ३१ स्तोत्रांच्या मथळ्यात मुख्य गवयाचा उल्लेख आहे, आणि स्तोत्र ९:१६ मध्ये सेलाच्या आधी हिग्गायोन हा दुसरा वाद्यसंगीताचा वाटणारा शब्द येतो, त्यामुळे ही गायन-वादनाची खूण असावी हे मत जास्त पटतं.

'थांबा आणि मनन करा' हा अर्थ प्रवचनांत खूप चालतो, भक्तीसाठी तो छान आहे, पण त्याला भाषेचा पक्का आधार नाही. थांबण्याचा भाग डायाप्साल्मावरून येऊ शकतो, मननाचा नंतर जोडलेला दिसतो.

यहुदी प्रार्थनेत मात्र 'सर्वकाळ' हाच अर्थ टिकला, आमेन सेला असं एकत्र म्हणतात, आणि हिब्रूतून प्रार्थना करणाऱ्या कोकण-मुंबईच्या बेने इस्राएल समाजातही तो याच वळणाने येतो. मराठी बायबलात शब्दाचं भाषांतर न करता 'सेला' असंच छापतात.

एदोम या प्राचीन देशातल्या सेला या ठिकाणाचं नाव (२ राजे १४:७) वेगळं, त्याचा अर्थ खडक आणि हिब्रूत शेवटचं अक्षर अयिन आहे, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून गोंधळ होतो.