मन हलकं होतं लवकर, हात वळतो सावकाश

मनात साचलेलं सगळं चित्रात उतरवा, म्हणजे बरं वाटेल, हा सल्ला सर्रास दिला जातो. प्रयोगांत तो फारसा टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांनी लोकांना आधी उदास केलं, मग चित्र काढायला लावलं. काहींनी आपल्या दुःखाचंच चित्र काढलं, काहींनी भलत्याच कशाचं. निदान तेवढ्या वेळापुरता तरी मूड जास्त सुधारला तो भलतंच काही काढणाऱ्यांचा.

२०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना मार्कर, माती आणि कोलाजचं सामान देऊन ४५ मिनिटं मोकळं सोडलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. नवखे आणि सरावलेले यांच्यात ठळक फरक नव्हता. अर्थात तुलनेला दुसरा गट नव्हता आणि कॉर्टिसॉल दिवसभरात तसंही उतरतच असतं, त्यामुळे सगळं श्रेय कलेला देता येत नाही.

थोडक्यात, बरं वाटायला कौशल्य लागत नाही. चित्रकार म्हणून वाढणं ही मात्र निराळी गोष्ट. शिकागोच्या कलाशाळेत १९६०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ गेटझेल्स आणि चिक्सेंटमिहाय यांनी ३१ विद्यार्थ्यांसमोर २७ वस्तू मांडल्या: हव्या त्या निवडा, रचा, काढा. ज्यांनी जास्त वस्तू हाताळल्या, पेन्सिल उशिरा टेकवली आणि काढता काढता बेत बदलला, त्यांची चित्रं परीक्षकांना अधिक मौलिक वाटली. पुढे कलाक्षेत्रात जास्त यशस्वी ठरले तेही सरासरीनं असेच शोधत बसणारे.

ही शोधाशोध त्याच ४५ मिनिटांत बसवता येते. कात्रीसारखी, भोकं आणि वळणं असलेली वस्तू घ्या. पहिली ५ मिनिटं कागदाकडे न बघता २बी पेन्सिलनं तिची कड काढा. नजर आणि पेन्सिल मुंगीच्या चालीनं, बरोबरीनं सरकली पाहिजे. चित्र वेडंवाकडं येणारच. खरी चूक होते ती चोरून कागद बघितल्यावर: समोरची कात्री बाजूला राहते आणि हात डोक्यात ठरलेली कात्री गिरवू लागतो. मोह आवरत नसेल तर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून पेन्सिल घाला, म्हणजे हाताखालचा कागद झाकला जाईल.

मग काडेपेटीएवढ्या ३ चौकटी, प्रत्येकी २ मिनिटं: वरून, अगदी जवळून, आणि नुसत्या मधल्या पोकळ्यांचे आकार. त्यातली एक निवडून ३० मिनिटं मोठी करा. उरलेली ४ मिनिटं चित्र आरशात बघा. उलटं दिसलं की सरावलेल्या डोळ्याला न दिसलेला तिरपेपणा पटकन खटकतो.

जलरंग वापरत असाल तर साधा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद नको. तो फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. ३०० जीएसएम घ्या. अर्धवट ओल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा रंग उचकटून चिखल होतो. तळहाताची मागची बाजू कागदाला लावा; गार लागलं तर थर अजून ओला आहे.

खोडरबर लांब ठेवा. प्रत्येक कागदावर तारीख टाका, पण मोठं चित्र किती सुबक झालं हे मोजू नका. त्या ३ छोट्या चौकटी बघा. सलग काही दिवस तिन्ही सारख्याच येत असतील तर शोध थांबलाय; कात्री बदला.