सेलबर्नचं सेंट मेरी चर्च

सेंट मेरी हे दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशायर काउंटीमधल्या सेलबर्न गावाचं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड या पंथाचं, पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला गाव आणि आसपासच्या वाड्यावस्त्या. ऑल्टन शहरापासून हे गाव साधारण ६ किलोमीटरवर आहे, आणि विंचेस्टरच्या बिशपच्या हद्दीत येतं. अशी चर्चेस इंग्लंडमध्ये हजारोंनी आहेत, मग ह्याचीच नोंद का, तर इथे गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) नावाचा एक पाद्री होऊन गेला, त्याने गावातले पक्षी, झाडं, हवामान असं सगळं वर्षानुवर्षं लिहून ठेवलं आणि १७८९ मध्ये त्याचं पुस्तक छापलं. त्या पुस्तकाचं पूर्ण नाव ‘सेलबर्नचा निसर्गेतिहास आणि पुरातन वास्तू’ असं आहे. पहिला भाग जगभर वाचला गेला, दुसरा, ज्यात चर्चची हकीकत आहे, तो बहुतेक आवृत्त्यांमधून सरळ गाळतात. हे चुकीचंच आहे, कारण खेड्यातलं चर्च आतून कसं चालतं हे त्या भागात मस्त कळतं.

१०८६ च्या डोम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवसुलीसाठी करून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, इथल्या चर्चचा उल्लेख सापडतो. आजची इमारत त्यानंतरची, मुख्य भाग साधारण ११८० च्या आसपासचा, जाडजूड गोल खांबांचा. १२३३ मध्ये विंचेस्टरचा बिशप पीटर दे रोश याने गावाजवळ एक मठ काढला, पण पुढे तिथल्या कारभाराचे पार तीनतेरा वाजले आणि १५व्या शतकाच्या शेवटी मठ बंद करून त्याची सगळी मालमत्ता ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजला देऊन टाकली. त्यात सेलबर्नचा व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, नेमायचा हक्कसुद्धा गेला. गावाचा पाद्री कोण हे गाव ठरवत नाही तर दूरचं एक कॉलेज ठरवतं, आणि कॉलेज साहजिकच आपल्याच माणसाला ती जागा देतं. इंग्लंडमध्ये हा हक्क जमीनजुमल्यासारखा विकता-घेता यायचा, आपल्याकडच्या देवस्थान इनामाचे वाद ज्यांनी पाहिलेत त्यांना हे प्रकरण लगेच समजेल.

व्हाइटचा आजोबा, तोही गिल्बर्ट व्हाइटच, मॉडलिनचा होता म्हणून इथे व्हिकर झाला आणि १७२८ पर्यंत होता. नातू जन्मला तो ह्याच व्हिकरच्या घरात, पण शिकला ऑक्सफर्डच्याच दुसऱ्या, ओरिएल कॉलेजमध्ये, त्यामुळे सेलबर्नचा व्हिकर होणं त्याला कधीच शक्य नव्हतं. मग तो क्युरेट म्हणून राबला, म्हणजे व्हिकरच्या ऐवजी पगारावर काम करणारा पाद्री. आधी अधूनमधून, शेजारच्या फॅरिंग्डन गावातही बरीच वर्षं, आणि १७८४ पासून मरेपर्यंत सलग सेलबर्नमध्ये. बाप्तिस्मा, लग्नं, पुरणं, त्यांच्या रजिस्टरमधल्या नोंदी, रविवारची उपासना हे सगळं त्याच्या अंगावर, मान मात्र दुसऱ्याचा. आज जगभरातून लोक ज्या पाद्र्यासाठी ह्या चर्चला येतात त्याचं नाव तिथल्या व्हिकरांच्या यादीत बसत नाही, त्याच्या आजोबाचं बसतं.

चर्चच्या इमारतीकडे तो पाद्री म्हणून बघायचा आणि पक्षीनिरीक्षक म्हणूनही. छपराच्या वळचणीला पांढऱ्या घुबडांची एक जोडी दरवर्षी पिल्लं घालायची. व्हाइट घड्याळ घेऊन तासभर बघत बसला तेव्हा दिसलं की दोघांपैकी एक जण साधारण दर पाच मिनिटांनी घरट्याकडे परत येतो. त्याहून भारी म्हणजे पुढचं निरीक्षण: घुबड उंदीर पंजात धरून आणतं, पण कौलांखाली शिरायला पंजे मोकळे हवेत, म्हणून ते आधी चर्चच्या छपरावर उतरतं, उंदीर पंजातून चोचीत घेतं आणि मगच भिंतीला धरून आत शिरतं. गावात पाकोळ्यांच्या आठेक जोड्या होत्या, त्यातल्या निम्म्या चर्चमध्ये आणि बाकीच्या गरिबांच्या बुटक्या गवती घरांमध्ये, ही नोंदही त्याचीच.

घंटांचा किस्सा तर सांगायलाच हवा. १८व्या शतकात जुन्या बेसूर तीन घंटा उतरवून त्यांच्या चार ओतल्या, आणि सर सिमियन स्टुअर्ट या जमीनदाराने मुलीच्या नावाने पाचवी दिली. घंटा गावात आल्या त्या दिवशी मोठा सण झाला, आणि दात्याच्या हुकमावरून सगळ्यात छोटी घंटा जमिनीत उलटी रोवून पंच नावाच्या दारूने काठोकाठ भरली, यावं आणि प्यावं. मग ती वर टांगली आणि प्रार्थनेसाठी वाजायला लागली, कुणाला काही वावगं वाटलं नाही.

स्मशानाची अडचण वेगळी होती. गाव मोठं, आवार लहान, आणि प्रत्येकाला दक्षिणेच्या बाजूलाच पुरून हवं, कारण उत्तरेची बाजू अशुभ मानायचे. दक्षिणेला एवढी गर्दी झाली की नवीन माणूस पुरायचा तर आधी त्याच्याच पूर्वजांची हाडं हलवावी लागत. दोन-तीन चांगल्या घरांनी उत्तरेला पुरायला सुरुवात केली आहे, तेव्हा हा समज हळूहळू जाईल, असं व्हाइट लिहितो. स्वतः तो उत्तरेलाच आहे. साधा दगड, त्यावर नावाची आद्याक्षरं आणि तारीख, २६ जून १७९३. त्याच्या आठवणीसाठी भाऊ बेंजामिनने चर्चला १६व्या शतकातलं, आजच्या बेल्जियमकडचं म्हणजे फ्लेमिश शैलीतलं, तीन फळ्यांचं चित्र दिलं, ते आजही आत आहे. १९२० मध्ये, जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा, पक्ष्यांना उपदेश करणारा सेंट फ्रान्सिस दाखवणारी रंगीत काचेची खिडकी बसवली, भोवती व्हाइटच्या लिखाणात येणारे पक्षी.

पण सगळंच असं गोड नव्हतं. शेतकऱ्याला पिकाचा दशमांश व्हिकरला द्यावा लागे, तो गेला की मजुरीला पैसा उरत नाही अशी ओरड होती. नोव्हेंबर १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडभर शेतमजुरांचे दंगे पेटले तेव्हा सेलबर्नच्या जमावाने व्हिकर कोबोल्डला घेरून दशमांश कमी करायला लावला आणि गरिबांना ठेवायचं वर्कहाउस फोडलं. पकडलेल्यांपैकी काहींना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलं. शिंग फुंकून लोक गोळा करणारा ‘ट्रंपेटर’ म्हणून गावाला माहीत असलेला माणूस आवारातच पुरला आहे, म्हणजे व्हिकरवर चालून गेलेल्याला जागा चर्चनेच दिली. १८३६ च्या कायद्याने दशमांश धान्याऐवजी रोख रकमेत बदलला.

आवारातलं यू जातीचं प्रचंड झाड हे चर्चचं दुसरं आकर्षण. व्हाइटच्या वेळी बुंध्याचा घेर २३ फूट होता. २५ जानेवारी १९९० च्या वादळात ते मुळांसकट आडवं झालं, आणि मुळांखाली जुन्या काळी पुरलेल्यांचे सांगाडे निघाले. गावकऱ्यांनी फांद्या छाटून बुंधा पुन्हा उभा केला, थोडी पालवी फुटलीही, पण झाड जगलं नाही. त्याच्या फांदीपासून केलेलं रोप आवारात लावलं आहे.

आता सेलबर्नला स्वतःपुरता वेगळा पाद्री नाही, आसपासच्या गावांच्या चर्चेसबरोबर एकत्र कारभार चालतो, इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत हेच सगळीकडे दिसतं. चर्च ऑफ इंग्लंड हा तिथला अधिकृत धर्मपंथ असला तरी गावच्या चर्चचा रोजचा खर्च सरकार देत नाही, छप्पर, गटारं, वीजबिल हे सगळं स्थानिक समितीने देणग्यांतून भागवायचं. सेलबर्नला व्हाइटचं ‘द वेक्स’ हे घर म्युझियम म्हणून समोरच आहे, ते बघायला आलेले लोक रस्ता ओलांडून चर्चमध्येही डोकावतात, ही सोय बाकीच्या खेड्यांना नाही.