अटॅकनंतर खाट धरायची नसते

"अटॅक येऊन गेला, आता बाबांना खाटेवरून उठू देऊ नका." विदर्भातल्या गावांत हे मायेपोटी सांगितलं जातं, पण ते चुकीचं आहे. पूर्वी डॉक्टरही रुग्णाला कित्येक आठवडे झोपवून ठेवत. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या लेव्हाइन आणि लाउन या हृदयरोगतज्ज्ञांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून हे बदलत गेलं. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. नियमित चालण्याने स्नायू ऑक्सिजन नीट वापरू लागतात. मग तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात.

अर्थात सुरुवात डॉक्टरांना विचारूनच. आधी पाच-दहा मिनिटं, मग हळूहळू अर्धा तास. चालताना बोलता आलं पाहिजे. वेग ठरवायला नाडी मोजण्यावर विसंबू नका, कारण अटॅकनंतरच्या काही गोळ्यांनी ती मुळातच मंद राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून ऊन चढण्याआधीच धुऱ्यावरून फेरी उरकावी. एकट्याने जाऊ नये. आणि लगेच डवरणी किंवा पोती उचलणं नको, हे मात्र घरच्यांनी ठामपणे सांगावं. छाती दाटली, चक्कर आली, तर तिथेच बसा. दुखणं थांबत नसेल तर १०८ ला फोन करा.