दोन हातांत दोन जादुई वस्तू (टेबलटॉप रोलप्लेइंग गेम)

टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळात एकाच कॅरेक्टरने (पात्राने) एका वेळी दोन जादुई शस्त्रं किंवा कांड्या वापरायचे नियम. इथे मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) धरलंय, पणजी-फोंड्याकडे मराठी-कोंकणी मिसळून खेळतात त्या टेबलांवर वाद होतो तोही बहुतेक याच गेमवरून.

उगम: १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (डंजन मास्टर म्हणजे डीएम, खेळ चालवणारा, त्याचं नियमपुस्तक) दोन शस्त्रांना परवानगी आहे, पण दुसरं शस्त्र खंजीर किंवा छोटी कुऱ्हाडच हवी, आणि वार लागतो का ते ठरवणाऱ्या फाशातून पहिल्या हाताला −२, दुसऱ्याला −४. हे साधारण सोळाव्या शतकातल्या युरोपीय तलवार-खंजीर पद्धतीवरून आलं असावं असं मानतात आणि ते पटतं, कारण गोव्यातल्या साखळीच्या वीरभद्र नाचात दोन्ही हातांत तलवारी असतात तशी जोडी या नियमात बसतच नाही. खरा वाद रेंजरचा (रानात वावरणाऱ्या योद्ध्याच्या प्रकाराचा) आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हलकं चिलखत घातलेल्या रेंजरला ही वजावट माफ झाली, ती १९८८ मध्ये कादंबरीत आलेल्या, दोन तलवारी चालवणाऱ्या रेंजर ड्रिझ्टमुळे असं सर्रास सांगतात. पण ड्रो एल्फना (भूगर्भात राहणारी एल्फ जमात, ड्रिझ्ट त्यातलाच) ही सूट १९८५ च्या अनअर्थ्ड आर्काना या नियमपुस्तकातच मिळालेली, म्हणजे ड्रिझ्टच्या दोन तलवारी ड्रो असल्यामुळे आहेत, रेंजर असल्यामुळे नाहीत. रेंजरकडे ती सूट त्याच्यामुळेच गेली असं ठामपणे म्हणायला आधार कमी वाटतो. तिसऱ्या आवृत्तीत (२०००) फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) नसेल तर −६ आणि −१० इतकी जबर वजावट होती.

पाचवी आवृत्ती (२०१४): दोन्ही शस्त्रं लाइट (नियमांनुसार हलकी) असली तर दुसऱ्याने बोनस अ‍ॅक्शनवर (टर्नमधली छोटी जादा कृती) एक वार मिळतो, वजावट नाही, फक्त त्या वाराच्या डॅमेजमध्ये अ‍ॅबिलिटी मॉडिफायर (ताकद, चपळाई अशा गुणाचा आकडा) धरत नाहीत. जादूचा प्लस (जादुई शस्त्राचा +१, +२ असा बोनस) मात्र धरायचा, आणि तो ज्या शस्त्राचा त्याच्याच वाराला. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) भात कापतात तो विळा घ्या, गेममध्येही तो लाइट आहे. स्ट्रेंग्थ (ताकद) +३, प्रोफिशिअन्सी (शस्त्राचा सराव) +२, हातात +१ विळा आणि +२ खंजीर: विळ्याचा वार लागतो का त्याला डी२० (वीस बाजूंचा फासा) + ६ आणि डॅमेज १डी४ (चार बाजूंचा एक फासा) + ४, खंजिराला डी२० + ७ आणि १डी४ + २. दोन्ही प्लस मिळून +३ करून प्रत्येक वाराला लावायचे हा प्रकार टेबलावर खूप चालतो आणि तो सरळ चूक आहे, डीएमने तिथेच थांबवायला हवं.

अट्यूनमेंट (काही जादुई वस्तू वापरण्याआधी त्यांच्याशी जोडून घेणं) हा वेगळा हिशोब आहे. एका वेळी तीनच वस्तू, आणि एकाच वस्तूच्या दोन प्रतींशी अट्यून होता येत नाही, त्यामुळे दोन डिफेंडर तलवारी घेऊन दोघींचा बोनस आर्मर क्लासला (बचावाच्या आकड्याला) वळवायचा बेत तिथेच संपतो.

कांड्या: फायरबॉल या स्पेलची (मंत्राची) एका हातात, लायटनिंग बोल्टची दुसऱ्या हातात असली तरी प्रत्येकीला पूर्ण अ‍ॅक्शन लागते, म्हणजे साधारणपणे एका टर्नमध्ये एकच चालते, वर दोन अट्यूनमेंट जातात. कॉन्सन्ट्रेशनचे (टिकवायला सतत लक्ष द्यावं लागतं असे) दोन स्पेल वस्तूंतून टाकले तरी एकत्र टिकत नाहीत.

इतर गेम: पाथफाइंडर या अशाच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) दिवसाला दहा वस्तू इन्व्हेस्ट करता (अट्यूनमेंटसारख्या जोडून घेता) येतात, आणि डब्लिंग रिंग्ज (जादुई अंगठ्यांची जोडी) घातल्या तर एका शस्त्राचे मूलभूत रून (शस्त्रावर कोरलेली जादुई चिन्हं) दुसऱ्यालाही लागू होतात.