बेस्ट उपक्रम, मुंबई : वीजपुरवठा

महाराष्ट्राच्या राजधानीच्या मूळ बेटाला, म्हणजे दक्षिणेस कुलाब्यापासून उत्तरेस माहीम आणि शीवपर्यंतच्या मुंबई शहराला, वीज वाटणारा बृहन्मुंबई महानगरपालिकेचा उपक्रम. ग्राहक सुमारे दहा लाख. ‘बेस्ट’ म्हटले की लाल बस डोळ्यांपुढे येते. पण मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली आणि बेस्टची मूळ कंपनी ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ हिच्या नावातली ‘इलेक्ट्रिक सप्लाय’ ही अक्षरे १९०५ पासूनची आहेत. माहीमची खाडी ओलांडून वांद्र्याला गेले की परवानाधारक बदलतो. पश्चिम आणि पूर्व उपनगरांचा मोठा भाग अदानी इलेक्ट्रिसिटीकडे, मुलुंड-भांडुपकडचा भाग महावितरणकडे आहे. टाटा पॉवरकडेही मुंबईत वितरणाचा समांतर परवाना आहे.

मुंबईत विजेचे दिवे लावण्याचा पहिला प्रयत्न १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात झाला. कंत्राटदार कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी लंडनमध्ये नोंदवली गेली. तिने वाडीबंदरला ४,३०० किलोवॅटचे वाफेवरचे वीजघर उभारले आणि १९०७ मध्ये विजेवरची ट्राम रस्त्यावर आणली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, तेव्हा घाटातली वीज स्वतःच्या वीजघरापेक्षा स्वस्त पडू लागली. कंपनीने हळूहळू निर्मिती सोडली आणि ती घाऊक वीज विकत घेऊन किरकोळ वाटणारी संस्था झाली. आजही बेस्टचे स्वरूप तेच आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली आणि नावातल्या ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आले. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली.

बेस्टचे वेगळेपण रस्त्यावर दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. शहर बेटावर खांबांवरून वीजवाहक तारा नाहीत. सगळे वितरण केबलींमधून होते. झाड पडले, पतंग अडकला किंवा वादळ आले म्हणून इथे लाइट सहसा जात नाही. मात्र एकदा बिघाड झाला की तो डोळ्यांना दिसत नाही आणि दुरुस्तीसाठी रस्ता खणावा लागतो. उघड्या तारांच्या गावात दोष शोधायला लाइनमनची नजर पुरते, इथे यंत्रे लागतात.

वीज ११० केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) ग्राही केंद्रांतून, म्हणजे बाहेरची वीज घेणाऱ्या केंद्रांतून, ३३ केव्हीवर बेस्टकडे येते, बेस्टच्या मोठ्या उपकेंद्रांत ११ केव्हीवर उतरते आणि गल्लोगल्लीच्या छोट्या उपकेंद्रांतले रोहित्र ती ४१५ व्होल्टवर आणते. जागेच्या टंचाईमुळे यातली पुष्कळ उपकेंद्रे इमारतींच्या तळमजल्यावर आहेत. पुढे फुटपाथवरचे लोखंडी पिलर, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेट्या, त्यातून इमारतीची सर्व्हिस केबल, कटआउट (फ्यूजची पेटी) आणि मीटर केबिन. ११ केव्हीची केबल साखळीसारखी एका उपकेंद्रातून दुसऱ्यात जाते. साखळीची दोन्ही टोके वेगवेगळ्या पुरवठ्यांना जोडलेली असतात आणि मध्ये एक बिंदू मुद्दाम उघडा, म्हणजे वीज पुढे जाणार नाही असा तोडलेला, ठेवलेला असतो. कुठे केबल गेली, तर त्या तुकड्याची दोन्ही बाजूंची स्विचे उघडतात, उघडा बिंदू जोडतात आणि उरलेल्या उपकेंद्रांना दुसऱ्या टोकाकडून वीज मिळते. म्हणून ११ केव्हीची केबल जळूनही इमारतीला थोड्याच वेळात लाइट येते आणि खणाखणी नंतर निवांत होते. ४१५ व्होल्टच्या बाजूला अशी पर्यायी वाट दर वेळी नसते. एकट्या इमारतीचा अंधार बहुधा तिच्या सर्व्हिस केबलमुळे किंवा कटआउटच्या फ्यूजमुळे होतो आणि तोच जास्त लांबतो.

केबलचा दोष शोधण्याची रीत ठरलेली आहे. आधी तुकडा दोन्ही टोकांना वेगळा करून अर्थ करतात, म्हणजे जमिनीशी जोडतात. मग मेगरने (रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक फेजचा, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी प्रत्येकीचा, जमिनीशी आणि फेजांचा आपसांतला रोध मोजतात. त्यातून दोष एका फेजचा की तिन्हींचा, हे कळते. नंतर केबलमध्ये विजेचा बारीक स्पंद सोडतात आणि तो दोषावरून परतायला लागलेला वेळ मोजतात. आधुनिक एक्सएलपीई (प्लास्टिकच्या वेष्टनाच्या) केबलीत स्पंद मायक्रोसेकंदाला साधारण १७० मीटर धावतो. तो ४ मायक्रोसेकंदांत परतला, तर जाऊन-येऊन ६८० मीटर, म्हणजे दोष सुमारे ३४० मीटरवर. पण ते अंतर केबलीच्या लांबीवरचे असते. केबल वळणे घेत गेलेली असते आणि जागोजागी तिचे वेटोळे सोडलेले असते, म्हणून या आकड्यावर विसंबून थेट कुदळ मारणे चूक. शेवटची जागा ठरवायला उच्च दाबाचे धक्के देऊन, दोषाच्या ठिकाणी होणारा ‘ठक्’ आवाज जमिनीवर मायक्रोफोन ठेवून ऐकतात. दिवसा मुंबईच्या रहदारीत तो ऐकू येणे कठीण, म्हणून हे काम रात्री चांगले होते. प्रचलित मानकाप्रमाणे ४१५ व्होल्टची केबल ०.७५ मीटर, ११ केव्हीची ०.९ मीटर आणि ३३ केव्हीची १.०५ मीटर खोल असावी. जळका भाग कापून नवा तुकडा घातला की एकाऐवजी दोन सांधे येतात आणि दोन्ही कोरडे राहिले पाहिजेत. वीज सोडण्यापूर्वी फेजांचा क्रम जुळवून पाहतात. तो उलटला, तर पंप आणि लिफ्टच्या मोटरी उलट्या फिरतात.

केबली जातात कशाने? सर्वांत मोठे कारण दुसऱ्यांची खोदकामे. कुदळीचा किंवा जेसीबीचा घाव बाहेरच्या आवरणालाच लागला, तर केबल लगेच जात नाही. खड्डा बुजतो, काम करणारे निघून जातात. पुढच्या पावसाळ्यात पाणी आत झिरपते आणि मग स्फोट होतो. त्यामुळे जून-जुलैतल्या पुष्कळ बिघाडांचे मूळ मार्च-एप्रिलच्या खोदकामात असते. दुसरे कारण जुन्या सांध्यांत शिरलेली ओल. हिंदमाता, किंग्ज सर्कल, शीव अशा सखल भागांत पिलर आणि तळमजल्यावरची मीटर केबिन पाण्यात जाण्याचा धोका असतो. तिथे विजेचा धक्का टाळण्यासाठी पुरवठा मुद्दाम बंद करावा लागतो. इमारतीने मीटर पुराच्या पातळीच्या वर बसवून घेणे हाच खरा उपाय आहे, आणि तो खर्चाचा नसून इच्छेचा प्रश्न आहे.

घरोघरी ओळखता आलाच पाहिजे असा एक बिघाड म्हणजे न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजांची वीज परत नेणारी सामाईक तार, तुटणे. न्यूट्रल सुटला की दोन फेजांवरची घरे एकमेकांना जोडून ४१५ व्होल्टमध्ये वाटणी करतात आणि ही वाटणी उलटी होते. एका फेजवर २ किलोवॅटचा भार चालू, दुसऱ्यावर ०.५ किलोवॅटचा असेल आणि तिसरी फेज रिकामी असेल, तर जास्त भाराच्या घराला ८३ व्होल्ट मिळतात आणि कमी भाराच्या घरावर ३३२ व्होल्ट येतात. एकाकडे दिवे मिणमिणतात, शेजाऱ्याकडे ते डोळे दिपवून जळून जातात. असे दिसताच प्रत्येकाने आधी आपला मेन स्विच बंद करावा, मग फ्यूज कंट्रोलला, म्हणजे बेस्टच्या बिघाड-तक्रार कक्षाला, फोन करावा. ‘नुसता व्होल्टेज कमी आहे’ म्हणून फ्रिज चालू ठेवणे महागात पडते.

शहराबाहेरचा बिघाडही बेस्टला टाळता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा परिसरातील ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईला येणारी वीज तुटली. अशा वेळी महानगराला जाळ्यापासून वेगळे करून स्थानिक निर्मितीवर चालवणारी ‘आयलंडिंग’ यंत्रणा आहे, पण त्या दिवशी स्थानिक निर्मितीपेक्षा भार जास्त उरला आणि तीही कोसळली. ऐन कोविडकाळात लोकल थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली.

बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि राज्य सरकारचे वीज शुल्क (घरगुती ग्राहकांना १६ टक्के) येते. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. घरगुती वीज आकाराचे टप्पे महिन्याला १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ३२० युनिट जळले म्हणजे सगळे ३२० वरच्या दराने धरत नाहीत. पहिली १०० पहिल्या दराने, पुढची २०० दुसऱ्या आणि फक्त २० तिसऱ्या दराने. रीडिंग एक महिना चुकून दोन महिन्यांचे एकदम आले, तर टप्पेही दोन महिन्यांनुसार दुप्पट धरले आहेत ना, हे पाहावे. मीटर बंद पडलेला आढळल्यास मागील बारा महिन्यांच्या सरासरीवर, आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच, आकारणी करता येते.

विजेचा नफा बसच्या तोट्याला, हे बेस्टच्या अर्थकारणाचे जुने सूत्र होते. पुढे काही वर्षे हा तोटा वीज ग्राहकांच्या बिलात स्वतंत्र आकाराने वसूल केला जात असे, नंतर ती वसुली थांबली. बस सार्वजनिक गरज आहे यात शंका नाही. पण तिचा भार घरातल्या दिव्यावर न टाकता महापालिकेने उघडपणे अनुदान म्हणून उचलणे अधिक रास्त आहे.

तक्रारीसाठी आधी आपल्या विभागाचे, म्हणजे ए पासून जी उत्तरपर्यंतच्या नऊ पालिका वॉर्डांपैकी आपल्या वॉर्डाचे, बेस्टचे ग्राहक कार्यालय, मग ग्राहक तक्रार निवारण मंच. मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते आणि मंचाचा निकाल न पटल्यास साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे. अर्जासोबत वादातल्या महिन्याआधीची बारा बिले जोडावीत. सरासरीचा वाद बहुतेक तिथेच सुटतो.